१९ दिवसांवर मॅरेथॉन आणि नडगी दुखतेय... पळू की सोडू?

लांबपल्ला
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज नाइलाजाने धागा काढतेय.

१९ दिवसांनी माझी पहिली फुल मॅरेथॉन (४२.२ किमी) आहे. १६ आठवड्यांचं शेड्युल, त्यातले १३ झाले, ३० चा लाँग रन झाला, परवा शेवटचा ३२ चा होता आणि तिथेच गाडं अडलं. डाव्या नडगीत, घोट्याच्या वर साधारण चार बोटं, आतल्या बाजूला दुखतंय. गेले दोन आठवडे थोडं थोडं होतंच पण पळायला लागलं की दोन किमीत गायब व्हायचं म्हणून मीही काणाडोळा केला. परवा गायब झालं नाही. अकराव्या किमीपासून वाढतच गेलं, तरी हट्टाने १९ पर्यंत ओढलं आणि मग लंगडत घरी. काल जिना उतरताना कळ आली.

एक्स-रे काढला, नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले स्नायू आखडलाय, आराम करा. किती दिवस विचारलं तर म्हणाले दुखायचं थांबेपर्यंत. आता ह्या उत्तराचं मी काय करू?

ग्रुपमधले पाच जण एकत्र जाणार आहोत, तिकिटं, राहणं सगळं बुक झालंय, रद्द केलं तर एक पैसा परत नाही. पळू की सोडू? फक्त 'शरीराचं ऐका' असं कुणी लिहू नका, माझं शरीर दर पाच मिनिटांनी वेगळं काहीतरी बोलतंय.

रमतगमत
पहिलीच आहे ना? मग पळा हो. पहिल्या मॅरेथॉनच्या आधी सगळंच दुखतं. मायलेज कमी केलं की अंगाला काही काम उरत नाही मग ते तक्रारी काढत बसतं. मला तर टेपरमध्ये (रेसआधी पळणं कमी करतो ते आठवडे) अक्कलदाढ दुखायला लागली होती. स्टार्टला उभं राहिलात की सगळी दुखणी पळून जातात, आपल्याआधी :D

अर्धी_चाकोरी
रमतगमत, टेपरमधली भुतं असतात हे खरं, पण ती सहसा जागा बदलतात. आज गुडघा, उद्या टाच. दोन आठवडे एकाच जागी बसलेलं भूत म्हणजे भाडेकरू.

लांबपल्ला, एक काम करा. एका बोटाने नडगीच्या हाडाची आतली कड खालून वर दाबत जा. दुखणं वीतभर पसरलंय की नाण्याएवढ्या जागी आहे? आणि रात्री नुसतं पडल्यावर ठणकतं का? मी फिजिओ आहे, पण इथे निदान करत नाहीये, पुढे काय करावं एवढंच सांगता येईल.

टांगा_पलटी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लांबपल्ला
@अर्धी_चाकोरी, नाण्याएवढंच. बाकी सगळीकडे काही नाही आणि त्या एका जागी दाबलं तर तोंडातून नको तो शब्द गेला. मुलगा शेजारी अभ्यास करत होता, अभ्यास सोडून त्याने तो शब्द पाठ केला. आणि हो, गेल्या दोन रात्री ठणकतंय. मला वाटलं जास्त चालले म्हणून असेल.

अर्धी_चाकोरी
मग मी सांगतो ते आवडणार नाही.

नडगीची दुखणी ढोबळमानाने दोन. एक म्हणजे ज्याला सगळे शिन स्प्लिंट म्हणतात, त्यात हाडाच्या आतल्या कडेला बराच लांब पट्टा दुखतो, सुरुवातीला जास्त आणि गरम झाल्यावर कमी. दुसरं म्हणजे हाडावरचा ताण, पुढे जाऊन स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक भेग. ते एका बिंदूवर दुखतं, पळत राहिलं की वाढत जातं, आणि मग आराम करतानाही ठणकायला लागतं. पहिलं दुसऱ्यात सरकू शकतं. तुमचे आधीचे दोन आठवडे पहिल्यासारखे वाटतात आणि परवापासूनचं दुसऱ्यासारखं.

एक्स-रे नॉर्मल आला ह्यावर जाऊ नका. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, हाड भरून यायला लागल्यावर जे नवीन हाड तयार होतं ते दिसतं. म्हणजे एक्स-रे सांगतो की इथे काहीतरी होऊन गेलं. आत्ता काय चाललंय ते एमआरआयमध्ये दिसेल. स्पोर्ट्स मेडिसिनवाला किंवा ऑर्थोपेडिक गाठा, आणि तोपर्यंत पळणं शून्य. एका पायावर उड्या मारून बघायची टेस्ट नेटवर सापडेल, ती घरी करत बसू नका. माझ्याकडे एक जण आला होता, तो रोज सकाळी 'बरं झालं का' बघायला दहा उड्या मारायचा. बरं कसं होणार?

तुरुतुरु
मी विरोधी पार्टी. मला तीन वर्षांपूर्वी रेसच्या दोन आठवडे आधी आयटी बँडने (मांडीच्या बाहेरच्या बाजूची जाड पट्टी) धरलं, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी खुपसल्यासारखं. सगळे म्हणाले सोड. मी दहा दिवस पळणं बंद ठेवलं, फक्त कंबरेचे व्यायाम केले, आणि पळालो. २८ नंतर पळ-चाल पळ-चाल, ठरवलेल्या वेळेपेक्षा पाऊण तास उशीर, पण मेडल गळ्यात. तीन आठवड्यांत गुडघा ठणठणीत. तेव्हा लगेच फ्रॅक्चरबिक्चर म्हणून घाबरवू नका. माणूस एवढे महिने पहाटे उठतो ते काय सोडून द्यायला?

अर्धी_चाकोरी
तुरुतुरु, तुमचा निर्णय बरोबरच होता. आयटी बँड दुखवतो भरपूर पण त्यावर पळून काही तुटत नाही, फार तर बरं व्हायला वेळ लागतो. हाडाचं तसं नाही. दोघांनाही आपण 'दुखतंय' हा एकच शब्द वापरतो, तिथे सगळा घोळ होतो.

सदू_सायकलवाला
लिहू की नको करत होतो, पण तुरुतुरुंचा प्रतिसाद वाचून लिहितोच.

माझी हाफ आयर्नमॅन होती. १.९ किमी पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं. रेसच्या महिनाभर आधीपासून जांघेत दुखत होतं. मी स्वतःच ठरवलं की स्नायू ओढला गेलाय. सायकलवर दुखायचं नाही, पोहताना दुखायचं नाही, फक्त पळताना, तर म्हटलं तीनपैकी दोन तर ठीक आहेत! रेसमध्ये पोहलो मस्त, सायकल मस्त, पळायला लागलो तेव्हा पहिले दोन किमी दुखलं मग बधिर झालं. १७ च्या पुढे एका वळणावर पाऊल टाकलं आणि पाय माझा राहिला नाही. आवाज आला की नाही आठवत नाही, लोक विचारतात म्हणून सांगतो. रस्त्यावर पांढरा पट्टा होता, गाल त्याला टेकला होता आणि तो गरम होता एवढं आठवतं.

मांडीच्या हाडाची मान मोडली होती. तीन स्क्रू. आठ आठवडे कुबड्या, परत पळायला नऊ महिने. सर्जन म्हणाले हाड जागेवरून सरकलं नाही म्हणून नशीबवान आहेस, नाहीतर ह्या वयात खुबा बदलायची वेळ आली असती. नडगीचं इतकं भयंकर नसतं बहुधा, अर्धी_चाकोरी सांगतील. पण जांघेत दुखत असेल आणि कुणी हे वाचत असेल तर प्लीज आजच दाखवा.

अर्धी_चाकोरी
सदूभाऊ, वाचून काटा आला. बरोबर आहे, मांडीच्या हाडाची मान, पावलातलं नॅव्हिक्युलर, करंगळीच्या हाडाचा बुडखा आणि नडगीची पुढची कड ह्या जागा वाईट, तिथे भरून यायला त्रास होतो. नडगीची आतली कड त्यामानाने शहाणी, वेळ दिला तर नीट जुळते. लांबपल्ला ह्यांचं आतल्या कडेला आहे हीच काय ती चांगली बातमी.

निवांत
सदू_सायकलवाला _/\_

रमतगमत
बरं, मी माझे शब्द मागे घेतो, पण अर्धेच. मधला मार्ग का नको? तीन आठवडे पूर्ण आराम, रेसच्या सकाळी एक पेनकिलर, सुरू करायचं आणि दुखलं तर सोडायचं. तिकीट तरी वसूल.

गोळीबार
मी औषधांच्या धंद्यात आहे (आयडी त्यावरूनच), त्यामुळे पेनकिलरवर बोलते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही मंडळी शरीरातली प्रोस्टाग्लँडिन कमी करतात म्हणून दुखणं थांबतं. पण अंगातलं पाणी कमी झालं की हेच प्रोस्टाग्लँडिन मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवत असतात. म्हणजे चार-पाच तास घाम गाळायचा आणि नेमका तोच नळ आपण बंद करायचा. पोटालाही बाधतं ते वेगळं.

ब्रिटनच्या मॅरेथॉनपटू पॉला रॅडक्लिफचं उदाहरण घ्या. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या आधी पाय दुखावला म्हणून तिने दाह कमी करणारी औषधं घेतली, त्यांनी पोट बिघडलं, खाल्लेलं अंगी लागेना, आणि ३६ किमीच्या आसपास ती रस्त्याच्या कडेला रडत बसलेली सगळ्या जगाने पाहिली. बायकांच्या मॅरेथॉनचा विश्वविक्रम तिच्याच नावावर होता तेव्हा. त्याच नोव्हेंबरमध्ये ती न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली हेही सांगते, नाहीतर धागा फार उदास होईल.

तुरुतुरु
आणि 'दुखलं तर सोडेन' हे कुणीच करत नाही. मी विरोधी पार्टी असून सांगतो. ५ ला वाटतं अजून गरम व्हायचंय. १५ ला वाटतं आता २१ पर्यंत तर जाऊ. २१ ला वाटतं अर्धं झालं की. ३० ला तर काय, सगळंच दुखत असतं, नडगी कुठली आणि मांडी कुठली कळत नाही. गर्दी ओरडत असते, तुमचं नाव बिबवर (छातीवर लावायचा नंबराचा कागद) छापलेलं असतं, अनोळखी माणूस नाव घेऊन 'चल चल' म्हणतो. सोडायचं असेल तर घरीच.

टांगा_पलटी
विरोधी पार्टी सरकारात सामील झाली का?

तुरुतुरु
बाहेरून पाठिंबा.

चालू_वर्तमान
अवांतर प्रश्न. रेस पळलीच नाही पण बिब आणि टी-शर्ट घेतला, तर तो टी-शर्ट घालावा का?

निवांत
नाही. फिनिशर लिहिलेला असेल तर कधीच नाही. पाप लागतं.

रमतगमत
पैसे भरलेत ना? मग घाला, भांडी घासायला वापरा, काय वाटेल ते करा.

गोळीबार
एक्स्पोत, म्हणजे रेसआधी बिब वाटतात तिथे, मिळणारा वेगळा, शेवटी मिळणारा वेगळा. पहिला घालायला हरकत नाही. पण माझ्या नवऱ्याकडे न पळलेल्या रेसचे तीन आहेत आणि तो ते फक्त घरात, पडदे लावून घालतो.

सदू_सायकलवाला
मी माझा घालतो. १७ किमी आणि तीन स्क्रू, म्हणजे फिनिशरपेक्षा जास्तच दिलं मी त्यांना.

निवांत
सदूभाऊंना सूट.

मध्यरात्र
टी-शर्टच्या गडबडीत एक विचारायचं राहून जातंय. लांबपल्ला, थोडं खाजगी आहे, इथे उत्तर नको वाटलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ह्या १३ आठवड्यांत वजन किती कमी झालं? आणि पाळी नियमित आहे का?

विचारायचं कारण असं की मला दोन वर्षांत दोन स्ट्रेस फ्रॅक्चर झाले. दोन्ही वेळा मी बुटांना दोष दिला, रस्त्याला दिला, कोचला तर फारच दिला. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी बुटांबद्दल काहीच विचारलं नाही, दिवसभरात काय खातेस विचारलं. पळणं वाढवलेलं आणि खाणं तेवढंच, उलट 'हलकं' राहायचं म्हणून रात्रीचं कमी केलेलं. पाळी चार महिने बंद होती, मला वाटायचं एवढं पळतेय तर होणारच, एका मैत्रिणीने तर वर 'सुटलीस' म्हटलं. शरीराला इंधन पुरलं नाही की ते आधी जगण्याला लागेल तेवढं ठेवतं आणि बाकीची खाती बंद करतं, इस्ट्रोजेन खाली येतं आणि हाड रोज झिजतं तेवढं रोज भरून येत नाही. ह्याला रेड-एस म्हणतात, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये हे नाव दिलं. पुरुषांनाही होतं, फक्त त्यांच्याकडे महिन्याची घंटा नसते त्यामुळे कळायला अजून उशीर.

पाय बरा होईलही सहा आठवड्यांत. पण कारण तेच राहिलं तर पुढच्या वेळी दुसरा पाय.

लांबपल्ला
मध्यरात्र, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि फोन उलटा ठेवला. इथेच लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल. साडेपाच किलो. आणि तीन महिन्यांत पाळी एकदाच, तीही नावापुरती. मी चाळिशीची आहे म्हणून मला वाटलं तेच सुरू होतंय. ग्रुपमध्ये सगळे म्हणत होते काय फिट दिसतेस, त्यामुळे आनंदातच होते.

एमआरआय परवा आहे.

मध्यरात्र
चाळिशीचं कारणही असू शकतं, म्हणूनच डॉक्टरला दोन्ही सांगा. व्हिटॅमिन डी बघायला सांगा. आणि आजपासून पोटभर जेवा, रिपोर्टची वाट नको.

घड्याळजी
उशिरा आलो, सगळा धागा वाचला. '१३ आठवडे वाया जातील' ही भीती असेल तर थोडी आकडेमोड. १९८४ मध्ये कॉईल आणि सहकाऱ्यांनी मुरलेल्या खेळाडूंना पूर्ण बसवून ठेवलं होतं, काहीच ट्रेनिंग नाही. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांचा व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते) ७ टक्के उतरला, ५६ दिवसांनी १६ टक्के, आणि मग तिथेच थांबला. तरीही कधीच व्यायाम न केलेल्यांपेक्षा वरच. आणि ते पूर्ण बसलेले होते. तुम्ही पाण्यात तरंगता पट्टा बांधून पळालात, डॉक्टरने हो म्हटलं तर सायकल मारली, तर बरंच टिकेल. हाडाला सहा आठवडे दिले तर फिटनेस वाट बघतो. उलटं होत नाही.

आणि मोठी माणसंही सोडतात. ट्रायथलीट यान फ्रोडेनोने २०१८ ची कोना आयर्नमॅन (जागतिक अजिंक्यपद) स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे महिनाभर आधी सोडली. २०१९ ला आला आणि ७:५१:१३ मध्ये कोर्स रेकॉर्ड करून जिंकला.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण पॅरिस ऑलिंपिकचं. इथिओपियाचा सिसाय लेमा त्याच वर्षी बॉस्टन मॅरेथॉन जिंकलेला, फॉर्मात. रेसच्या काही दिवस आधी दुखापत झाली आणि त्याने जागा सोडली. राखीव होता तामिरात तोला. तो आला आणि २:०६:२६ चा ऑलिंपिक विक्रम करून सुवर्ण घेऊन गेला. त्याच रेसमध्ये मॅरेथॉनचा बादशहा किपचोगे तिसाव्या किमीच्या आसपास थांबला, तोही माणूसच. लेमा हट्टाने उभा राहिला असता तर कदाचित दोघांनाही काही मिळालं नसतं.

रमतगमत
म्हणजे ताईंनी बिब मला द्यावा असं सुचवताय का? मी राखीव आहे.

घड्याळजी
बिब परस्पर दुसऱ्याला देणं हा अजिबात विनोद नाही. मागे तिचं नाव, रक्तगट, घरचा फोन असतो. तुम्ही चक्कर येऊन पडलात तर फोन तिच्या घरी जाणार आणि डॉक्टरांच्या हातात भलत्याच माणसाची माहिती. आयोजकांकडून रीतसर नावबदल होत असेल तरच. पुढच्या वर्षी ढकलता येतं का तेही विचारा, बऱ्याच रेसमध्ये मुदत असते.

रमतगमत
ओके सर. बसतो.

लांबपल्ला
रिपोर्ट आला. नडगीच्या आतल्या कडेला हाडात सूज, ग्रेड २, भेग नाही. डॉक्टर म्हणाल्या परवाचे ३२ पूर्ण केले असते तर वेगळं बोलत असतो. सहा आठवडे पळणं बंद, चालताना दुखलं नाही तर पायाला आधाराचा मोठा बूट नको, पाण्यात पळायची परवानगी. व्हिटॅमिन डी १४, म्हणजे कमी. आहारवाल्या बाईंकडे पाठवलंय, त्यांनी माझी दिवसभराची यादी वाचली आणि म्हणाल्या हे दुपारपर्यंतचं ना?

निर्णय तिथेच झाला, मला वेगळा घ्यावा लागला नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून वीस मिनिटं रडले. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला बरं झालं, आणि मग मी त्याच्यावर अजून चिडले. रेस पुढे ढकलायची मुदत परवाच संपली होती, मेडिकल सर्टिफिकेट जोडून मेल टाकलाय, अजून उत्तर नाही.

जाणार मात्र आहे. तिकीट आहे, चार जण पळणार आहेत, कुणीतरी ३५ ला उभं राहायला हवंच.

तुरुतुरु
३५ ला 'आता थोडंच राहिलं' ओरडू नका एवढंच. खून होतात.

सदू_सायकलवाला
ग्रेड २ ला थांबलात. माझ्याकडून एक कडक सलाम, दोन्ही पायांवर उभा राहून.

मध्यरात्र
दुपारपर्यंतचं ना :( मला पण हेच म्हणाल्या होत्या. लिहीत राहा.

निवांत
धागा वर काढतोय. काय झालं पुढे? रेस झाली ना?

लांबपल्ला
झाली. चौघेही पोचले, एक जण ३३ पासून चालत. मी सकाळी सहापासून फोल्डिंगची खुर्ची घेऊन ३५ वर होते, मीठ, पाणी, व्हॅसलिन, सगळं दुकान मांडून. आमच्यातला सगळ्यात फास्ट माणूस आला, मला बघून थांबला, काहीतरी महत्त्वाचं सांगणार असं वाटलं, तर घामाने ओला गॉगल माझ्या हातात दिला आणि गेला. ३५ ला माणसं कशी दिसतात हे मला माहीतच नव्हतं. पुढच्या वर्षी मी तशी दिसणार आहे, नीट बघून घेतलं.

आयोजकांनी पुढच्या वर्षी ढकललं नाही, नियम म्हणजे नियम म्हणाले. सहावा आठवडा चालू आहे, बोटाने दाबलं तर काही नाही. सोमवारपासून एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, असं सहा वेळा. पाळी आली. साडेतीन किलो परत आले आणि कुणीही फिट दिसतेस म्हटलेलं नाही.

चालू_वर्तमान
अभिनंदन! हळहळ वाटली का? आणि माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे, टी-शर्ट घेतलात का?

लांबपल्ला
हळहळ एक्स्पोत वाटली, रेसच्या दिवशी नाही. पैसे भरलेले म्हणून बिब घेतला, पाकिटात चार सेफ्टी पिना होत्या, त्या हातात धरून उगाच उभी राहिले बराच वेळ. टी-शर्ट पण घेतला, एक्स्पोवाला. एक्स्ट्रा लार्जच उरले होते, मुलगा रात्री घालून झोपतो.

पिना मात्र लागल्या. आमच्यातल्या एकाच्या दोन सकाळी हरवल्या होत्या.

रमतगमत
आणि उरलेल्या दोन?

लांबपल्ला
जपून ठेवल्यात. मागू नका.